सात ते अकरा: टाळेबंदीचा वाद आणि भिवापूर

भिवापूर नागपूर जिल्ह्यात येतं, पण त्याचा रोजचा संबंध तीन जिल्ह्यांशी. नागपूरहून उमरेडमार्गे आग्नेयेला सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर आलं की हे तालुक्याचं गाव लागतं. इथून पवनीकडे वळलं की भंडारा जिल्हा सुरू होतो, नागभीडकडे गेलं की चंद्रपूर. सोयरिकी तिकडे, बाजार तिकडे, मजुरीला जाणं तिकडे. जिल्ह्याची हद्द एरवी कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण तिथे रस्त्याकडेच्या फलकापलीकडे काही नसतं.

मार्च २०२० नंतर त्या हद्दीवर पोलिसांचे नाके उभे राहिले. ३० एप्रिल २०२० ला केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने देशातल्या सगळ्या जिल्ह्यांना संसर्गाच्या धोक्यानुसार तीन रंग वाटून दिले. नागपूर लाल झालं, भंडारा आणि चंद्रपूर नारिंगी, गडचिरोली, गोंदिया आणि वर्धा हिरवे. रुग्ण सापडत होते ते मुख्यतः नागपूर शहरातल्या दाट वस्त्यांत, पण रंग ठरला पूर्ण जिल्ह्याचा. त्या हिशेबात भिवापूरही लाल. हाकेच्या अंतरावरचं पवनी नारिंगी. ज्या दोन गावांमध्ये लोक सकाळी जाऊन दुपारी परत येतात, ती गावं सरकारी कागदावर दोन वेगळ्या जगांत गेली.

एसटी २२ मे २०२० पासून सुरू झाली, पण जिल्ह्याच्या आतच. जिल्ह्याबाहेर जायला तिला २० ऑगस्ट उजाडला आणि खासगी गाडीने जायला लागणारा ई-पास रद्द झाला २ सप्टेंबरला. पुणे जिल्ह्यातला माणूस जुन्नरहून बारामतीपर्यंत शे-दीडशे किलोमीटर जाऊनही जिल्ह्यातच राहतो. भिवापूरच्या माणसाला त्याच्या पाव अंतरात पास लागत होता. त्यात भर म्हणजे या पट्ट्याची जुनी गाडी, नागपूर-नागभीड नॅरोगेज, रुंदीकरणासाठी नोव्हेंबर २०१९ मध्येच बंद झालेली. टाळेबंदी लागली तेव्हा या तालुक्याचा एक पाय आधीच बांधलेला होता.

महाराष्ट्रात टाळेबंदीवर कडाक्याचा वाद झाला. दोन वर्षं तो वेगवेगळ्या रूपांत चालला. व्यापारी रस्त्यावर उतरले, पक्षांनी मोर्चे काढले, मंदिरांपुढे घंटा वाजल्या, राज्यपाल आणि मुख्यमंत्र्यांत पत्रापत्री झाली, न्यायालयांनी सुनावण्या घेतल्या. वर्तमानपत्रांची पानं त्याने भरली. तरीही भिवापूरसारख्या गावातून त्या वादाकडे पाहिलं की एक गोष्ट डोळ्यात भरते. ज्यांना संघटना होती, पक्ष होता, छायाचित्रकार होता, त्यांचा विरोध नोंदला गेला. ज्यांच्या हातातून महिनाभराची कमाई गेली, त्यातल्या बहुतेकांचं म्हणणं कुठल्याच वहीत उतरलं नाही.

नागपूरचं भांडण

११ मार्च २०२० ला नागपुरात पहिला रुग्ण सापडला. दोनच दिवसांनी राज्य सरकारने १८९७ चा साथरोग कायदा लागू केला. २२ मार्चला जनता कर्फ्यू, २३ ला राज्यभर संचारबंदी आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी. पहिले काही आठवडे विरोधाचा आवाज जवळपास नव्हता. भीती खरी होती, माहिती थोडी होती आणि पुढे काय होणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

मतभेद उघडे झाले ते टाळेबंदी लांबत गेली तेव्हा. नागपूर महापालिकेत तुकाराम मुंढे आयुक्त होते आणि संदीप जोशी महापौर. विलगीकरण, प्रतिबंधित क्षेत्रं, दुकानांची सम-विषम पद्धत अशा प्रत्येक मुद्द्यावर आयुक्त आणि लोकप्रतिनिधी यांच्यात खटके उडाले. २० जूनच्या सर्वसाधारण सभेतून आयुक्त उठून गेले. जुलैत त्यांनी पुन्हा कडक संचारबंदीचा इशारा दिला, तेव्हा बैठका होऊन २५ आणि २६ जुलैला जनता कर्फ्यूवर तडजोड झाली. एका बाजूचं म्हणणं होतं की शिस्त लावल्याशिवाय साथ आवरणार नाही. दुसऱ्या बाजूचं म्हणणं होतं की निवडून आलेल्या माणसांना न विचारता शहर चालवता येत नाही. २६ ऑगस्टला मुंढेंची बदली झाली. सप्टेंबरमध्ये रुग्ण झपाट्याने वाढले तेव्हा शनिवार-रविवारच्या जनता कर्फ्यूचं आवाहन महापौरांनाच करावं लागलं. ज्या बाजूने सक्तीवर टीका झाली होती, तिलाच लोकांना घरी बसा म्हणायची वेळ आली.

पुढच्या वर्षी तोच खेळ मोठ्या पटावर रंगला. ११ मार्च २०२१ ला पालकमंत्री नितीन राऊत यांनी १५ ते २१ मार्च अशी टाळेबंदी जाहीर केली. नागपुरात व्यापारी संघटनांनी विरोध केला, भाजपने सरकारला धारेवर धरलं, तरी निर्बंध ३१ मार्चपर्यंत लांबले. ही टाळेबंदी होती पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीपुरती, म्हणजे शहर आणि लगतचा भाग. ग्रामीण भागासाठी जिल्हाधिकाऱ्यांचे आदेश वेगळे. भिवापूरकराने नागपूरच्या बातम्या वाचून आपलं काय हे ठरवायचं म्हटलं तर फसगत ठरलेली. वाद सगळा शहराच्या टाळेबंदीवर आणि आठवडी बाजार बंद ठेवण्याचा आदेश गावाला.

आठवडी बाजार बंद होणं म्हणजे काय, हे शहरातल्या चर्चेत फारसं आलं नाही. शहरात एक बाजारपेठ बंद झाली तरी गल्लीतलं दुकान असतं, घरपोच सेवा असते. तालुक्याच्या गावात बाजाराचा दिवस हाच शेतकऱ्याचा भाजी विकण्याचा, मजुराचा आठवड्याचा किराणा घेण्याचा, कोंबड्या-बकऱ्यांच्या सौद्याचा आणि चपला शिवून घेण्याचा दिवस. त्या एका दिवसावर चांभार, कासार, मसालेवाले, जुने कपडे विकणारे, गावोगाव बाजार करत फिरणारे असे कितीतरी लोक जगतात. त्यांची कुठल्याही चेंबर ऑफ कॉमर्समध्ये नोंद नसते, त्यामुळे त्यांच्या वतीने निवेदन द्यायलाही कुणी जात नाही.

सातऱ्यावरचा हिशेब

भिवापूरचं नाव महाराष्ट्रात ओळखीचं आहे ते मिरचीमुळे. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. तिच्या लाल रंगाची ख्याती जुनी. रोग, भाव आणि सोयाबीन-कपाशीची ओढ यांमुळे तिचं क्षेत्र गेल्या काही दशकांत आटत गेलं, पण मिरचीचा धंदा गावात टिकून राहिला. भिवापूर आणि पवनीच्या पट्ट्यात मिरचीचे सातरे असतात. उघड्यावर लाल मिरचीचे ढीग पसरलेले आणि त्यांच्याभोवती ओळीने बसून देठ खुडणाऱ्या बाया. हे काम हातांचंच आहे. मजुरी खुडलेल्या मालाच्या वजनावर. तिखटाने डोळे आणि बोटं दिवसभर चुरचुरतात, तरी शेतातलं काम संपल्यानंतरच्या महिन्यांत गावात राहून चार पैसे देणारं दुसरं काम फारसं नाही. हा हंगाम हिवाळ्यात सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. टाळेबंदी लागली ती नेमकी या हंगामात.

२४ मार्च २०२० च्या केंद्राच्या पहिल्या आदेशात शेतीकामाला सूट नव्हती. ती तीन दिवसांनी, २७ मार्चच्या पुरवणी आदेशाने मिळाली. शेतमजुरांना शेतात जाता येईल, बाजार समित्या चालतील असं त्यात आलं. मग सातऱ्यावर देठ खुडणं हे शेतीकाम धरायचं की प्रक्रिया उद्योग? मिरची शेतातून निघालेली असते, पण काम शेतात होत नाही. बाया शंभर असोत की वीस, त्या एका ठिकाणी जवळजवळ बसतात. दिल्लीत बसून आदेश लिहिणाऱ्याला हे काम माहीत असण्याचं कारण नाही. अशा वेळी अर्थ लावायचा कुणी? नाक्यावरच्या शिपायाने, तहसीलच्या कारकुनाने की सातरा चालवणाऱ्या व्यापाऱ्याने? ज्यांच्या पोटाशी त्या अर्थाचा संबंध होता त्या बायांना विचारण्याची सोय कुठल्याच आदेशात नव्हती.

मिरचीची दुसरी गोष्ट याहून कठीण आहे. दर वर्षी हिवाळा सरताना पूर्व विदर्भातल्या गावांतून मजुरांचे जथे तेलंगणात मिरची तोडायला जातात. खम्मम, वारंगल भागातली शेतं. नवरा-बायको दोघं जातात, पुष्कळदा मुलांना घेऊन. दोन-अडीच महिने राबून मिळालेल्या पैशात किंवा पोत्याने मिळालेल्या मिरचीत वर्षाची बरीचशी गरज भागते. २०२० च्या मार्चअखेर हे लोक परतायच्या बेतात असताना रस्ते बंद झाले. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतले हजारो मजूर तिकडे अडकले. कित्येक जण जंगलातून, नदीपात्रातून, आडवाटांनी चालत निघाले. छत्तीसगडच्या बिजापूर जिल्ह्यातली बारा वर्षांची एक मुलगी तेलंगणातल्या मिरचीच्या शेतातून अशीच घराकडे निघाली होती. शंभरहून अधिक किलोमीटर चालल्यावर, गाव जवळ आलेलं असताना, १८ एप्रिलला तिचा वाटेत मृत्यू झाला. श्रमिकांसाठी पहिली विशेष रेल्वे सुटली ती १ मे रोजी, तीही तेलंगणातूनच, लिंगमपल्लीहून झारखंडमधल्या हटियाला. ८ मे रोजी औरंगाबादजवळ करमाड शिवारात रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांना मालगाडीने चिरडलं. सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने संसदेत सांगितलं की एक कोटीहून अधिक स्थलांतरित मजूर आपापल्या राज्यांत परतले, मात्र वाटेत किती मेले याची माहिती सरकारकडे नाही.

चालत निघणं हाही टाळेबंदीला विरोधच होता. त्यात घोषणा नव्हती, मागण्यांचं पत्रक नव्हतं. पण सरकारने जिथे आहात तिथे थांबा म्हटलं आणि लाखो लोकांनी पायांनी उत्तर दिलं की इथे थांबणं आम्हाला शक्य नाही. त्या काळातली सगळ्यात मोठी असहमती हीच होती आणि तिचं नेतृत्व कुणीही करत नव्हतं.

ज्यांचा आवाज पोचला

मे २०२० च्या सुरुवातीला दारूची दुकानं उघडली. महसुलाची गरज हे कारण उघड होतं. त्याच वेळी केशकर्तनालयं बंदच होती. ती उघडायला २८ जून उजाडला, तेही फक्त केस कापण्यापुरती. तोवर नाभिक समाजाच्या संघटनांना ठिकठिकाणी आंदोलनं करावी लागली. ‘दारूचं दुकान चालते, मंग आमचं कायले बंद?’ हा प्रश्न विदर्भात गावोगाव ऐकू येत होता. त्याला आरोग्यशास्त्राचं उत्तर असेलही, कारण वस्तरा आणि कात्री जवळून चालते. पण ते उत्तर कुणी चौकात येऊन समजावून सांगितलं नाही.

नियम सगळ्यांना सारखा आहे यावरचा विश्वास तर आधीच डळमळला होता. एप्रिल २०२० मध्ये वाधवान या उद्योजक कुटुंबासह २३ जण खंडाळ्याहून महाबळेश्वरला पोचले, गृह खात्याच्या प्रधान सचिवाच्या पत्रावर. त्याच महिन्यात बाळंतपणाला माहेरी जाणाऱ्या लेकीची गाडी नाक्यावर अडत होती. निर्बंध जाचक असले तरी माणसं सोसतात. शेजाऱ्याला सूट मिळालेली दिसली की सोसणं संपतं.

देवळांचा वाद सगळ्यात गाजला. २९ ऑगस्ट २०२० ला भाजपने राज्यभर घंटानाद केला. ३१ ऑगस्टला प्रकाश आंबेडकर पंढरपुरात हजारो लोकांसह मंदिर उघडण्यासाठी उभे राहिले. ऑक्टोबरमध्ये राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांना पत्र लिहून हिंदुत्वाची आठवण करून दिली, ठाकरेंनी त्याच सुरात उत्तर दिलं. अखेर पाडव्याला, १६ नोव्हेंबरला, देवळं उघडली. या वादात देवळाबाहेर फुलं, प्रसाद, बांगड्या विकणाऱ्यांचा प्रश्न खरा होता, पण बोललं गेलं ते धर्मावर.

दुसऱ्या लाटेत व्यापारी पुढे आले. ५ एप्रिल २०२१ पासून अत्यावश्यक सोडून बाकी दुकानं बंद झाली. नागपूरसह राज्यभर व्यापाऱ्यांनी निदर्शनं केली. शनिवार-रविवारची टाळेबंदी लावणार असं ऐकलं होतं, प्रत्यक्षात रोजचीच लागली, हा त्यांचा मुख्य आक्षेप. १० एप्रिलला साताऱ्यात खासदार उदयनराजे भोसले थाळी घेऊन पोवई नाक्यावर रस्त्यात बसले आणि जमलेले पैसे जिल्हाधिकाऱ्यांकडे पोचवले. जुलैत कोल्हापूरचे व्यापारी दुकानं उघडायला निघाले, ऑगस्टमध्ये पुण्याचे. या दबावाचा परिणाम झाला. वेळा वाढल्या, निर्बंधांचे स्तर बदलले. संघटित माणसाला सरकार नाही म्हणतं, पण त्याच्याशी बोलतं.

२० एप्रिल २०२१ पासून किराणा, भाजी, दूध, सगळ्यालाच सकाळी सात ते अकराची वेळ आली. शहरात घरून काम करणाऱ्याला ही वेळ गैरसोयीची, एवढंच. तालुक्याच्या गावात तिचा अर्थ वेगळा. उन्हाळ्यात विदर्भातला मजूर पहाटेच कामाला लागतो, कारण बारानंतर उन्हात उभं राहवत नाही. तेंदूपत्ता तोडणारी माणसं तर उजाडायच्या आत जंगलात असतात. म्हणजे कामाची आणि बाजाराची वेळ नेमकी एकच. रोजी घ्यायची की किराणा? शिवाय आजूबाजूच्या खेड्यांतून येणाऱ्याला एसटी नाही, आला तर चार तासांत जमलेल्या गर्दीत उभं राहायचं. दिवसभर सुटी सुटी होणारी गर्दी चार तासांत कोंबली तर संसर्ग कमी होतो की वाढतो, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. संध्याकाळी चार ते आठ अशी वेळ तालुक्याला मागता आली असती. मागायची कुणाकडे, हाच प्रश्न होता.

मदतीच्या पॅकेजचीही तीच गत. १३ एप्रिलला मुख्यमंत्र्यांनी ५,४७६ कोटी रुपयांची मदत जाहीर केली. शिवभोजन थाळी मोफत झाली. नोंदणीकृत बांधकाम कामगार, परवानाधारक रिक्षावाले आणि फेरीवाले यांना प्रत्येकी १,५०० रुपये, आदिवासी कुटुंबांना खावटी. ही मदत अनेकांना आधार देऊन गेली हे मान्य करायला हवं. पण सगळा भर ‘नोंदणीकृत’ असण्यावर होता. सातऱ्यावर देठ खुडणारी बाई नोंदणीकृत कोण? बाजारोबाजार फिरणारा बांगडीवाला कुठल्या नगरपंचायतीचा फेरीवाला? निर्बंध नोंदणी न पाहता सगळ्यांना लागू झाले, मदत मात्र नोंदणी पाहून आली.

ज्यांना आणखी कडक हवी होती

या गोष्टीची दुसरी बाजू सांगितली नाही तर लेख एकांगी होईल. टाळेबंदी नको म्हणणारे होते, तसे ती अधिक कडक हवी म्हणणारेही होते आणि त्यांतले पुष्कळ जण खेड्यांतच होते. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये राज्यातल्या अनेक गावांनी सरकारच्या आधी स्वतःच गावबंदी केली. वेशीवर काटे टाकले, लाकडं आडवी लावली, कुठे कुठे रस्तेही खणले. पुण्या-मुंबईहून आलेल्या पोराला आईबापाच्या घरात न जाऊ देता जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा दिवस ठेवलं. त्यात क्रूरपणा झाला, जुने हेवेदावे निघाले, पण त्यामागची भीती समजण्यासारखी होती. तालुक्याच्या ठिकाणी गंभीर रुग्णाला ठेवण्याची सोय नाही हे गावाला माहीत होतं. दम लागला की गाडी करून नागपूरला मेडिकल किंवा मेयो रुग्णालय गाठायचं, हाच एक रस्ता.

एप्रिल २०२१ मध्ये तो रस्ताही बंद झाला. नागपूरच्या रुग्णालयांत खाटा उरल्या नाहीत. प्राणवायूची ओढाताण, रेमडेसिव्हिरचा काळाबाजार. ९ एप्रिलला शहरालगत वाडीत एका कोविड रुग्णालयाला आग लागून रुग्ण दगावले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली आणि नागपूरला रेमडेसिव्हिरच्या दहा हजार कुप्या तातडीने देण्याचा आदेश सरकारला दिला. नागपूर जिल्ह्यात साथीच्या सगळ्या काळात दहा हजारांहून अधिक मृत्यूंची अधिकृत नोंद झाली. त्या महिन्यात ज्याने घरातला माणूस गमावला, त्याला दुकानं उघडा म्हणणाऱ्याचा राग येणं साहजिक होतं. गर्दी थांबवणं गरजेचंच होतं. पहिल्या लाटेनंतर रुग्णालयं वाढवायला मिळालेले महिने कुठे गेले, हा प्रश्नही तितकाच रास्त होता.

या दोन बाजूंच्या मधे आशा सेविका उभ्या होत्या. घरोघरी जाऊन ताप मोजायचा, बाहेरून आलेल्यांची यादी करायची, कुणी घराबाहेर पडलं तर कळवायचं. गावात राहून गावाचीच खबर द्यायची, मग शिव्या खायच्या. जून २०२१ मध्ये राज्यभरातल्या आशा संपावर गेल्या, आठवडाभराने १,५०० रुपयांच्या वाढीवर संप मिटला. त्यातले ५०० रुपये कोविड भत्ता. टाळेबंदीची अंमलबजावणी ज्यांच्या पायांवर चालली, त्यांच्या श्रमाची ही किंमत.

सव्वाशे वर्षांपूर्वीचा धडा

महाराष्ट्राला हा वाद नवा नव्हता. राज्य सरकारने २०२० मध्ये जो कायदा लागू केला, तो ४ फेब्रुवारी १८९७ ला मुंबई इलाख्यातल्या प्लेगसाठीच झाला होता. पुण्यात प्लेग समितीचा अध्यक्ष वॉल्टर रँड याने गोऱ्या सैनिकांकडून घरझडत्या घेतल्या. माजघरात, देवघरात सैनिक शिरले, सामान जाळलं गेलं, माणसं छावण्यांत नेली गेली. गाऱ्हाण्यांना दाद मिळेना. २२ जूनला चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या.

हा इतिहास आपण रँड आणि चाफेकर एवढाच लक्षात ठेवतो. मधली माणसं विसरतो. टिळकांचा विलगीकरणाला विरोध नव्हता, विरोध पद्धतीला होता. पुढारी शहर सोडून गेले असताना ते पुण्यात थांबले, हिंदूंसाठी प्लेगचं रुग्णालय काढण्यात पुढे झाले आणि सरकारवर टीकाही करत राहिले. त्याच वर्षी राजद्रोहाच्या खटल्यात तुरुंगातही गेले. पंडिता रमाबाईंनी प्लेगच्या रुग्णालयातल्या वागणुकीबद्दल वृत्तपत्रात जाहीर तक्रार केली, ती सरकारने झिडकारली. गोखले तेव्हा इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी सैनिकांवर गंभीर आरोप केले, परतल्यावर ते सिद्ध करता येईनात, म्हणून जाहीर माफी मागितली. आणि सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ ला त्याच रोगाने गेल्या. सहकार्य, विरोध, पुराव्याची जबाबदारी आणि सेवा, हे सगळं एकाच वर्षात, एकाच शहराच्या संदर्भात घडलं.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये मुंबईत मदनपुऱ्यात एका विणकर कुटुंबातल्या आजारी मुलीला न्यायला पथक आलं आणि दंगल उसळली, कामगारांनी संप केला. त्यानंतर सरकार नमलं. वस्त्यांतल्या प्रतिष्ठितांना स्वयंसेवक म्हणून बरोबर घेतलं, जातीजमातींना आपापली रुग्णालयं काढू दिली, सक्तीच्या झडत्या मागे पडल्या. परकं सरकारही गोळीबार आणि दंगलीनंतर एवढं शिकलं की लोकांना विचारल्याशिवाय साथ आवरत नाही.

कायदा मात्र तोच राहिला. त्यात मोजकी कलमं. सरकारला हवे ते नियम करण्याचा अधिकार, मोडल्यास शिक्षा आणि सद्‌हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्याला न्यायालयीन कारवाईपासून संरक्षण. खर्च आणि ‘असल्यास’ नुकसानभरपाई कुणी द्यायची हे सरकारने ठरवावं, असाही उल्लेख आहे. नियम करण्याआधी कुणाला विचारायचं, तक्रार कुठे करायची, निर्बंध किती काळाने तपासायचे, याबद्दल त्यात काहीच नाही. २०२० मध्ये त्यात दुरुस्ती झाली ती आरोग्य कर्मचाऱ्यांवरचे हल्ले रोखण्यासाठी. ती हवीच होती, पण बाकीची पोकळी तशीच राहिली.

शाळेचं कुलूप

सगळ्यात जास्त काळ कुणी सोसलं असेल तर ते मुलांनी. ग्रामीण भागातले नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० ला उघडले, पाचवी ते आठवीचे २७ जानेवारी २०२१ ला आणि दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाले. ऑगस्ट २०२१ मध्ये शिक्षण विभागाने शाळा उघडण्याचा निर्णय जाहीर केला, राज्याच्या कोविड कृती दलाने हरकत घेतली, निर्णय थांबला. अखेर ४ ऑक्टोबर २०२१ ला शाळा सुरू झाल्या, त्याही गावात पाचवीपासून. जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा कुलूप लागलं, तेव्हा मात्र पालक आणि शिक्षक उघडपणे विरोधात बोलले आणि दोन आठवड्यांत ते निघालं.

पहिली-दुसरीच्या मुलाने मराठी बाराखडी शिकायची ती वर्षं होती. ज्या घरात एकच फोन आणि तोही बापाबरोबर कामावर जाणारा, तिथे ऑनलाइन वर्ग हा शब्दापुरताच. डॉक्टर विरुद्ध शिक्षक असं या वादाचं चित्र रंगवलं गेलं, ते अर्धवट होतं. कृती दलात बालरोगतज्ज्ञ होते, पण खेड्यातल्या एकशिक्षकी शाळेची बाजू मांडणारा कुणी नव्हता. शाळा उघडावी की नाही हे गाव ठरवू शकलं असतं. जुलै २०२१ मध्ये सरकारने कोविडमुक्त गावांत आठवी ते बारावीचे वर्ग भरवायला परवानगी दिली, त्यात ग्रामपंचायतीचा ठराव अपेक्षित होता. विचारण्याची रीत आपल्याला माहीत होती, ती सव्वा वर्षानंतर वापरली, एवढंच.

तसंच निर्बंधांच्या मापाचं. जून २०२१ मध्ये पाच स्तरांची पद्धत आली, तेव्हा दहा लाखांवरच्या महापालिका आणि उरलेला जिल्हा हे वेगळे घटक धरले गेले. म्हणजे नागपूर शहराचे आकडे आणि भिवापूर-कुही-उमरेडचे आकडे वेगळे मोजायला सरकारला पहिल्या टाळेबंदीपासून चौदा महिने लागले. तालुका हा घटक तेव्हाही झाला नाही.

आता काय करायचं

राज्यातले सगळे निर्बंध २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला उठले. त्याच सुमारास गृहमंत्री दिलीप वळसे पाटील यांनी टाळेबंदीत भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली दाखल झालेले गुन्हे मागे घेण्याची घोषणा केली. असे दोन लाखांहून अधिक गुन्हे एकट्या पहिल्या वर्षात नोंदले गेले होते. गुन्हे मागे घेणं म्हणजे एका अर्थी सरकारने कबूल करणं की ती माणसं गुन्हेगार नव्हती. मग ती काय म्हणत होती, हे मात्र अजून कुणी लिहून घेतलेलं नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय विधी आयोगाने आपल्या २८६ व्या अहवालात साथरोग कायदा आजच्या काळाला अपुरा असल्याचं सांगून त्यात व्यापक बदल किंवा नवा कायदा करण्याची शिफारस केली. केंद्र, राज्य आणि स्थानिक संस्थांनी कोणी काय करायचं याची आधीच ठरलेली योजना असावी, असं त्यात आहे. ती योजना लिहिली जाईल तेव्हा त्यात तीन गोष्टी असाव्यात असा आग्रह आपण धरायला हवा. एक, निर्बंधांचा घटक जिल्हा नव्हे तर तालुका असावा आणि शेजारच्या जिल्ह्यांशी जोडलेल्या तालुक्यांचा वेगळा विचार व्हावा. दोन, प्रत्येक तालुक्यात हरकती ऐकणारी समिती असावी, तिच्यात मजूर, फेरीवाले, शिक्षक आणि आशा यांना नावानिशी जागा असावी आणि तिने ठरावीक दिवसांत लेखी उत्तर द्यावं. तीन, ज्या दिवशी काम बंद करण्याचा आदेश निघेल, त्याच दिवशी त्या कामावर जगणाऱ्यांची यादी ग्रामसभेने करावी आणि मदत त्या यादीवर यावी, जुन्या नोंदणीवर नाही.

टाळेबंदी लावणाऱ्यांनी पुष्कळ जीव वाचवले असतील. ती लावताना ज्यांच्याशी बोलायचं राहून गेलं, त्यांचं नुकसान टाळता येण्यासारखं होतं, हेही तितकंच खरं. साथीत सरकारला कठोर व्हावं लागतं, पण ऐकणं बंद करायची मुभा त्यातून मिळत नाही. येत्या ग्रामसभेत हा विषय मांडा. आपल्या गावात तेव्हा कुणाचं काम बंद झालं, किती दिवस आणि कुणाला काय मिळालं, याची नोंद ठरावाच्या वहीत करून घ्या. माणसांना अजून आठवतंय तोवरच ती होऊ शकेल. आणि पुढची साथ येईल त्या दिवशी १८९७ चाच कायदा हाताशी असेल, कारण तो अजून रद्द झालेला नाही.